छत्री-लव्हाळा : लागवड, निगा आणि पाण्याची शिस्त

शोभेच्या बहुतेक वनस्पतींना पाणी बेताने द्यावे लागते. कुंडीतील झाडे तहानेने मरतात त्यापेक्षा अधिक झाडे अति पाण्याने कुजून मरतात. या नियमाला ठळक अपवाद असलेली एक वनस्पती आज आपल्याकडील रोपवाटिकांतून 'अंब्रेला पाम' किंवा 'अंब्रेला ग्रास' या नावाने विकली जाते. सरळ, हिरव्या, काठीसारख्या दांड्यांचा झुबका आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला उघडलेल्या छत्रीच्या काड्यांप्रमाणे चहूबाजूंस पसरलेली पात्यांची चक्राकार रचना, असे तिचे रूप असते. घराच्या बाल्कांवात, कचेऱ्यांच्या प्रवेशद्वाराशी आणि शाळांच्या कट्ट्यांवर ती शोभून दिसते. तिची मुळे मात्र सतत ओल्या, किंबहुना चिखलयुक्त मातीत असावी लागतात.

नेमकी हीच तिची गरज गृहस्थाला अडचणीत आणणारी आहे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी झाडाला मानवते, तसेच ते डासांनाही मानवते. गोव्यासारख्या दमट प्रदेशात ही बाब किरकोळ नव्हे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजी परिसरात हिवताप बळावला, तेव्हा बांधकामांच्या ठिकाणी साठविलेले स्वच्छ पाणी हे डासांच्या पैदाशीचे मोठे स्थान असल्याचे दिसून आले होते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास तर घरातील आणि अंगणातील लहान-सहान भांड्यांतच वाढतो. तेव्हा पाणी मुळांना मिळावे, पण उघड्यावर दिसू नये, अशी व्यवस्था करणे हाच या वनस्पतीच्या निगराणीचा गाभा होय. ही व्यवस्था कठीण नाही, परंतु ती लागवडीच्या दिवशीच करावी लागते. मागाहून केलेली डागडुजी सहसा टिकत नाही.

ओळख आणि कुळ

प्रचलित नावांत पाम आणि ग्रास हे दोन्ही शब्द असले, तरी ही वनस्पती माडाच्या कुळातील नाही आणि गवतही नाही. ती लव्हाळ्याच्या कुळातील आहे. तिचे शास्त्रीय नाव सायपेरस इन्व्होल्युक्रेटस. बागकामाच्या पुस्तकांतून आणि रोपवाटिकांतून मात्र ती बहुधा सायपेरस अल्टर्निफोलियस या जुन्या नावाने आढळते. वस्तुतः त्या नावाची मूळ वनस्पती मादागास्करमधील असून तिची ही निकटची भगिनी आफ्रिका व अरबस्तान येथील नदीकाठांवर नैसर्गिकपणे वाढते. सोयीसाठी या लेखात तिला छत्री-लव्हाळा म्हटले आहे.

लव्हाळ्याच्या कुळात जगभरात सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. शेतकऱ्यांना त्यांतील एक अगदी नकोशी ओळखीची असते, ती म्हणजे शेतातील लव्हाळा, सायपेरस रोटुंडस. होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जगातील तणांविषयीच्या ग्रंथात त्याला सर्वांत उपद्रवी तण ठरविण्यात आले. त्याच्याच सुगंधी गाठी मोथा म्हणून औषधात वापरल्या जातात आणि दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथाही याच वंशातला. तमिळनाडूतील पत्तमडै येथील बारीक विणीच्या चटया ज्या कोरै गवताच्या होतात, तेही गवत नसून लव्हाळाच होय. प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्या गाभ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून लेखनाचे पट्ट तयार करीत, तो पपायरस म्हणजे सायपेरस पपायरस. इंग्रजीतील कागदवाचक शब्द त्यावरूनच आला. एकाच वंशात शेतकऱ्याचा शत्रू, वैद्याचे औषध, विणकराचा धागा आणि लेखकाचे साहित्य असा योग क्वचितच आढळतो.

शिक्षकांना या कुळाची ओळख वर्गात सहज करून देता येईल. भाताचा एक ताटा, शेतातील लव्हाळ्याचा फुलोऱ्यासह उपटलेला दांडा आणि छत्री-लव्हाळ्याची एक काडी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. भाताचा ताटा गोल असून त्याला पेरे असतात आणि पेरांमध्ये तो पोकळ असतो. त्याची पाने दोन रांगांत येतात. लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरविला की तीन कडा लागतात, तो आतून भरीव असतो, त्यावर पेरे दिसत नाहीत आणि पाने तीन रांगांत असतात. छत्री-लव्हाळ्याच्या दांड्याच्या कडा बोथट झालेल्या असल्याने तो पुष्कळदा गोलसर भासतो, पण पेर त्यावरही सापडत नाही. आणखी एक गंमत दाखविण्यासारखी आहे. या वनस्पतीची खरी पाने बुंध्याशी तपकिरी आवरणाच्या रूपात खुरटून राहिलेली असतात. टोकावरील हिरवी 'पाने' ही वास्तविक फुलोऱ्याखालची छदे होत. अन्न तयार करण्याचे काम ती छदे आणि हिरवे दांडे मिळून करतात.

लव्हाळे पुरात टिकते हे तुकाराम महाराजांच्या उपमेमुळे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. त्याचे कारण या रचनेत आहे. फांद्या नाहीत, रुंद पाने नाहीत, दांडा लवचिक, आणि जमिनीखाली आडवे पसरलेले बळकट खोड. पाण्याला अडविण्यासारखे काही नाही आणि उपटण्यासारखेही काही नाही. शिवाय दांड्यांत आणि मुळांत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत पोचते. म्हणूनच इतर झाडांची मुळे ज्या चिखलात गुदमरतात, तेथे ही निर्धास्त वाढते.

माती, कुंडी आणि पाणी

आपल्याकडील जांभ्याची तांबडी माती पाणी धरून ठेवीत नाही. केवळ तीच वापरल्यास झाड उन्हाळ्यात हमखास सुकते. दोन भाग भाताच्या शेतातील किंवा गोड्या पाण्याच्या तळ्यातील गाळाची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण उत्तम. खाजणातील माती मात्र घेऊ नये. तीतील क्षारांमुळे छदांची टोके करपतात. त्याच कारणाने खाडीलगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते तेव्हा ते या झाडास देण्याचे टाळावे.

शेतातील माती आणताना ती चाळणीतून गाळून घेणे अगत्याचे आहे. तीत लव्हाळ्याच्या काळ्या गाठी असल्या तर कुंडीतील सततच्या ओलीत त्या जोमाने फुटतात. हीच काळजी उलट दिशेनेही घ्यावी. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीची माती परसात किंवा भाजीच्या वाफ्यात फेकून देऊ नये. एखादी गाठ त्या मार्गाने शेतात शिरली, तर ती काढण्यास कित्येक हंगाम लागतात.

आता पाण्याची व्यवस्था. सर्वसाधारण पद्धत म्हणजे तळाशी भोक असलेली कुंडी पाण्याने भरलेल्या ताटलीत ठेवणे. झाडाच्या दृष्टीने ती योग्य असली, तरी आरोग्याच्या दृष्टीने तिचा पुरस्कार करता येत नाही. त्याऐवजी तळाला भोक नसलेली, निदान ३० सेंटिमीटर व्यासाची व तितकीच खोल कुंडी घ्यावी. मातीची पातळी कुंडीच्या काठापासून ५ सेंटिमीटर खाली ठेवावी. त्या पातळीच्याही साधारण ४ सेंटिमीटर खाली कुंडीच्या बाजूस करंगळी जाईल इतके एक भोक पाडावे आणि आतून त्यावर खापराचा तुकडा किंवा काथ्याचा बोळा बसवावा. मातीवर २ ते ३ सेंटिमीटर जाडीचा बारीक खडीचा थर द्यावा. अशा कुंडीत पाणी घातले की ते भोकापर्यंत साठते आणि जास्तीचे बाहेर पडते. खालची माती सदैव चिखल राहते, परंतु मातीवर पाण्याचा उघडा थर कधीच राहत नाही, त्यामुळे डासाच्या मादीला अंडी घालण्यास जागा मिळत नाही. सिमेंटची कुंडी असल्यास भोक ओतकामाच्या वेळीच ठेवून घ्यावे, पुढे छिन्नी चालविल्यास कुंडी तडकते.

ज्यांच्याकडे ताटलीची कुंडी आधीपासून आहे, त्यांनी ताटलीत जाड वाळू काठोकाठ भरावी आणि पाणी वाळूच्या पृष्ठभागाखालीच राहील इतके घालावे. हेही जमत नसेल, तर आठवड्यातून निदान एकदा ताटली पूर्ण रिकामी करून घासून पुसावी. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरड्यात काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच उबतात. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण एक आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांची मर्यादा पाळावयाची. शाळांमध्ये हे काम शनिवारी विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे सोपविल्यास ते विसरले जात नाही. जून ते सप्टेंबर या काळात तर ताटलीची आवश्यकताच नसते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील फार मोठा वाटा याच चार महिन्यांचा असतो. त्या दिवसांत ताटल्या उचलून पालथ्या ठेवाव्यात.

अंगणातील सिमेंटच्या हौदात कुंडी ठेवावयाची असेल तर हौदात गप्पी मासे सोडावेत. मात्र ते हौदातच राहतील याची खात्री करावी. हे मासे परदेशी आहेत, ओहोळात किंवा देवळाच्या तळीत सोडण्यासाठी नव्हेत.

अभिवृद्धी

छत्री-लव्हाळ्याची नवी रोपे करण्याची एक रीत अशी आहे की प्रथम ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. निरोगी दांड्याची छत्री खालच्या ५ सेंटिमीटर दांड्यासह कापून घ्यावी, छदे कात्रीने निम्मी छाटावीत आणि ती छत्री पाण्यात उलटी, म्हणजे देठ वर व डोके खाली अशी ठेवावी. दोन ते चार आठवड्यांत छदांच्या बेचक्यातून पांढरी मुळे आणि हिरवे कोंब फुटतात. कोंब बोटभर उंच झाल्यावर ते चिखलमातीत लावावेत. निसर्गात हेच घडते. दांडा वाऱ्यापावसाने कलतो, डोके ओल्या काठाला टेकते आणि तेथे नवे झाड उभे राहते. शाळेत हा प्रयोग काचेच्या पेल्यात करावा, म्हणजे मुळे फुटताना दिसतात. पेल्यातील पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलावे. ओल्या वाळूत उलटी छत्री दाबून ठेवली तरीही चालते आणि मग पाणी बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

पुष्कळ रोपे झटपट हवी असल्यास जुन्या झुबक्याची विभागणी करणे सोपे. मृगाच्या सुमारास कुंडी उपडी करून धारदार कोयत्याने झुबक्याचे, प्रत्येकी चार-पाच दांडे येतील असे भाग करावेत. बाहेरच्या कडेचे भाग ठेवावेत आणि मधला जून, लाकडासारखा झालेला भाग टाकावा. बियांपासूनही रोपे होतात, पण त्यात वेळ फार जातो. पट्टेदार पांढऱ्या-हिरव्या प्रकाराची अभिवृद्धी बियांनी करू नये, कारण त्याचा पट्टेदारपणा बियांतून उतरण्याचा भरवसा नसतो. त्या प्रकारात मधूनच निव्वळ हिरवे दांडे येतात. ते अधिक जोमदार असल्यामुळे वेळीच मुळापासून काढावे लागतात.

ऊन, खत आणि छाटणी

पूर्वेच्या बाजूचे सकाळचे ऊन व दुपारची सावली ही जागा सर्वांत चांगली. मुळाशी पाणी असेल तर भर उन्हातही झाड तग धरते, मात्र रंग फिका पडतो. अंधाऱ्या खोलीत दांडे लांबट व अशक्त होऊन वाकतात. मार्च ते मे या काळात पाण्याची पातळी रोज पाहावी, कारण भरलेला झुबका कुंडीतील पाणी फार वेगाने ओढून घेतो. माती एकदा जरी कडक वाळली तरी छदांची टोके तपकिरी पडतात आणि ती पुन्हा हिरवी होत नाहीत. अशी टोके कातरीत बसण्यापेक्षा तो दांडा बुंध्यापासून कापावा. तळातून नवे दांडे सतत येत असतात. दांडा मध्यावर कापण्यात काही अर्थ नाही, कारण अर्धवट राहिलेल्या दांड्याला पुन्हा छत्री फुटत नाही.

खताची हाव या झाडाला नाही. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा शेणखताची निवळी दिली की पुरे. रोग क्वचितच येतात. घरात, कोरड्या हवेत लाल कोळी आणि छत्रीच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आढळतात. पाण्याचा जोरदार फवारा, आणि न हटल्यास निंबोळी अर्क, एवढ्याने त्यांचा बंदोबस्त होतो. दीड-दोन वर्षांत मुळे कुंडी भरून टाकतात आणि प्लॅस्टिकची कुंडी तर अक्षरशः फोडतात, तेव्हा त्याआधीच विभागणी करावी.

सांडपाण्याचा वाफा

या वनस्पतीचा उपयोग केवळ शोभेपुरता नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वनस्पतींच्या वाफ्यांत तिचा वापर निरनिराळ्या देशांत झालेला आहे. खडीच्या फटींतून पाणी सावकाश वाहते, खडीवर आणि मुळांवर जगणारे सूक्ष्म जीव त्यातील घाण कुजवून टाकतात, मुळांतून झिरपणारी हवा त्यांना साहाय्य करते आणि झाड पाण्यातील नत्र व स्फुरदाचा काही अंश उचलते. पाणी खडीच्या आतच राहत असल्यामुळे डासांना येथेही वाव नसतो. शाळेतील हात धुण्याच्या जागेचे किंवा घरातील न्हाणीचे पाणी अंगणात डबके करून राहण्यापेक्षा ही योजना केव्हाही इष्ट.

एका लहान शाळेसाठी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल वाफा घ्यावा. आपला जांभा सच्छिद्र असल्याने घाण पाणी झिरपून विहिरीत उतरण्याचे भय असते. म्हणून तळ व बाजू सिमेंटने गिलावा करून अथवा जाड प्लॅस्टिकचे अस्तर घालून पाणीबंद कराव्यात आणि वाफा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगास असावा. पाणी प्रथम झाकण असलेल्या एका लहान चौकोनात सोडावे, तेथे गाळ आणि तेलकट साय अडते. हा चौकोन वेळोवेळी साफ केला नाही तर वर्षभरात खडी तुंबते. पुष्कळ ठिकाणी अशी कामे फसतात ती याच हलगर्जीपणामुळे, वनस्पतीच्या दोषामुळे नव्हे. वाफ्याच्या तोंडाशी आणि शेवटी मुठीएवढे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी भरावी. बाहेर पडणाऱ्या नळाला वर वळलेला कोपर जोडून पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटर राहील अशी योजना करावी.

असा वाफा किती पाणी पेलेल याचा हिशेब गावातल्या गावात करता येतो. ५० सेंटिमीटर ओल्या खोलीचे घनफळ दीड घनमीटर होते. खडीतील मोकळ्या जागा सुमारे ४० टक्के धरल्यास त्यात ६०० लिटर पाणी मावते. पाणी आत दोन ते तीन दिवस राहावे असे अपेक्षित असल्यास दररोज २०० ते ३०० लिटरपेक्षा अधिक पाणी त्यात सोडू नये. जास्त पाणी असेल तर त्या प्रमाणात लांबी वाढवावी. दर चौरस मीटरला चार झुबके, म्हणजे एकंदर बारा, पुरे होतात. रोपांची मुळे पाण्यापर्यंत पोचतील इतकी खोल लावावीत आणि पहिले काही आठवडे पातळी किंचित वर, परंतु खडीच्या खालीच ठेवावी. भोवती १५ सेंटिमीटर उंचीचा चिऱ्यांचा काठ घातल्यास पावसाचे वाहते पाणी आत शिरत नाही.

शौचालयाचे पाणी या वाफ्यात आणू नये. फिनेल व ब्लीचिंग पावडर यांचे पाणीही वर्ज्य, कारण काम करणारे सूक्ष्म जीवच त्याने मरतात. बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसले तरी ते पिण्यास किंवा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांस वापरू नये. माड, केळी, जास्वंद यांना ते खुशाल द्यावे.

ओहोळापासून दूर

छत्री उलटी ठेवली की रुजते, या गुणाची दुसरी बाजू नीट समजून घेतली पाहिजे. ऑस्ट्रेलिया, हवाई आणि पॅसिफिकमधील इतर काही बेटांवर ही वनस्पती बागांतून निसटून ओढ्यांच्या काठी फोफावली आहे आणि तेथे तिची गणना उपद्रवी वनस्पतींत होते. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच जगभर नेली गेली होती. आपल्याकडील ओहोळ, झरी, कुळागरांचे पाट आणि देवळांच्या तळ्या यांच्या काठी छत्री-लव्हाळ्याची लागवड करू नये. सुशोभीकरणाच्या कामांत तळ्याच्या काठासाठी तिची शिफारस झाल्यास ग्रामपंचायतीने ती नाकारावी, ते अधिक चांगले. अशा जागी स्थानिक पाणवनस्पतीच शोभतात.

घरच्या लागवडीतही छाटलेल्या छत्र्या ओल्या उकिरड्यावर किंवा वाहत्या गटारात टाकू नयेत. प्रत्येक छत्री पावसाळ्यात एक नवे झाड होऊ शकते. फुलोरा तपकिरी होऊन बी पिकण्यापूर्वीच तो काढावा. छाटणीचे मोठे काम मे महिन्यात उरकावे, म्हणजे कापलेला माल फरशीवर किंवा चिऱ्यांच्या गडग्यावर चार-पाच दिवसांच्या कडक उन्हात पूर्ण वाळतो. वाळल्यावर त्याचे बारीक तुकडे करून खताच्या खड्ड्यात घालावेत किंवा माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावेत. पावसाळ्यात वाऱ्याने आडव्या पडलेल्या दांड्यांची डोकी मात्र त्याच दिवशी कापून छपराखाली टांगून ठेवावीत.